बूड टेकलं त्याचं लाकूड

“थांबीव, थांबीव! गाडी थांबीव!”

मी घाबरून ब्रेक दाबला. मला वाटलं, आप्पांचं धोतर लुनाच्या चाकात गेलं. आप्पा म्हणजे माझे सासरे. मागच्या सीटवर ते गरम पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि मान वाकडी करून कसला तरी कानोसा घेत होते.

“आवाज आला?”

“कसला?”

“करवतीचा. शाळेच्या मागनं येतोय.” त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “आंबा हाय.”

आवाजावरून ते झाड ओळखत की नुसतंच ठोकून देत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवशी तो आंबाच निघाला.

“वळीव गाडी. बापूच्या आधी पोचलं पायजे.”

“आणि पीठ?”

“पीठ काय पळून जातंय?”

माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माहेरी गेले की मैत्रिणी विचारायच्या, सासरी तुला काय काय करावं लागतं गं? मी सांगायची, स्वयंपाक, धुणंभांडी आणि सासऱ्यांचं सरण गोळा करणं. त्या खो खो हसायच्या. मी मात्र खरं तेच सांगत होते.

आमचं गाव आंबोलीच्या अलीकडं. पावसाळ्यात तिथं कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. अशाच एका आषाढात, मी त्या घरात यायच्या आधी, आप्पांचे थोरले भाऊ गेले. लाकूड ओलं, पेटता पेटेना. लोकांनी तूप ओतलं, साखर टाकली, मग डिझेल आणलं आणि सरतेशेवटी जुने टायर आणले. बाप गेल्यावर ज्यानं हाताला धरून शिवणकाम शिकवलं, त्या भावाला काळ्या धुरात जाताना आप्पांनी पाहिलं. घरी आल्यावर, आंघोळीच्या आधीच, त्यांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं, “मी वाळक्या आंब्यावर जाणार. मला कुणी डिझेल लावायचं न्हाई.”

माणूस शिंपी. बोलला म्हणजे माप घेणार. आप्पांनी इंचटेप काढून स्वतःची उंची मोजली, वर हातभर सूट धरली आणि घरामागच्या परड्यातल्या खोपीत तेवढ्या लांबीची जागा मोकळी केली. मग ते लाकूड आणायला वखारीत गेले.

वखारवाल्याची एक रीत होती. सरणाचं लाकूड मागायला कुणी आलं की काट्याला हात लावायच्या आधी तो टोपी काढून विचारायचा, “कोण गेलं?”

आप्पा म्हणाले, “अजून कोण न्हाई. मी जाणार हाय.”

“कधी?”

“ते काय सांगून येतंय व्हय? तू आंब्याचं दे.”

वखारवाल्यानं टोपी परत डोक्यावर घातली आणि हात जोडले. जित्या माणसाला सरण विकलं तर माझ्या वखारीत लक्ष्मी टिकायची नाही, म्हणाला. आप्पांनी त्याला समजावलं, मग शिव्या दिल्या, मग परत समजावलं. तो बधला नाही. बातमी पंचक्रोशीतल्या सगळ्या वखारींत पोचली आणि विकतच्या लाकडाचा रस्ता आप्पांना कायमचा बंद झाला. उरलं फुकटचं.

फुकटचं लाकूड म्हणजे दस्तगीर. विजेच्या तारांखालच्या फांद्या तोडणं, रस्त्यात पडलेलं झाड हटवणं ही कामं त्याच्या टोळीकडं असायची. चांगला बुंधा ट्रॅक्टरमधून जायचा. बाकीचं, म्हणजे फांद्या, फाटे, पोखरलेले ओंडके, तिथंच वाटून टाकायचे. त्या वाटपात पूर्वी फार डोकी फुटायची. म्हणून दस्तगीरनं एक नियम घातला होता: पहिलं बूड टेकलं त्याचं लाकूड. ओंडक्यावर बसायचं. बसून आहे तोवर आपला. उठला की हक्क गेला. गावात तलाठ्याचं कुणी ऐकायचं नाही, पण दस्तगीरच्या या नियमापुढं सगळे गार.

आम्ही शाळेमागं पोचलो तेव्हा वळवाच्या वाऱ्यानं उन्मळलेला जुना रायवळ आंबा आडवा पडला होता. बुंधा ट्रॅक्टरवर चढला होता. खाली एक ओंडका राहिला होता, चांगला जाड, एका टोकाला थोडा पोखरलेला. आप्पांनी पिठाचा डबा माझ्या हातात कोंबला, धोतर वर धरलं आणि पळत सुटले. त्याच वेळी पलीकडच्या बोळातून सायकलची घंटी वाजली.

बापू रेडेकर. आप्पांचा पहिलीपासूनचा सोबती. त्याचं सायकलचं दुकान होतं, ते आता पुतण्या बघायचा. जन्मभर त्यानं कपडे आप्पांकडंच शिवले आणि दर दिवाळीला सदरा काखेत घट्ट झाला म्हणून आप्पांशी भांडण काढलं. आप्पा लाकूड गोळा करायला लागल्यापासून हाही लागला होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याची बायको वारलेली, मुलगा पुण्याला. एकट्या माणसाच्या बंबाला असं कितीसं जळण लागतं?

बापूनं चालती सायकल सोडून दिली. ती एकटीच पुढं जाऊन कुंपणावर आपटली. आणि दोघंही एकाच क्षणी ओंडक्यावर बसले, आप्पा या टोकाला आणि बापू त्या टोकाला.

“उठ बापू. मी आधी बसलोय.”

“तू कवा बसलास? तुझं धोतर बसलं आधी. तू मागनं आलास.”

“दस्तगीर, सांग याला!”

दस्तगीर करवतीचं तेल पुसत होता. त्यानं दोघांकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “मामा, मला दोगंबी एकदमच बसल्यासारखं दिसलं. आता जो आधी उठंल त्यो हारला.”

मला वाटलं, दहा-पंधरा मिनिटांत निकाल लागेल. मी पीठ घरी टाकून आले. दोघं बसलेलेच. मी घरी जाऊन भाकरी थापल्या, भांडी घासली, परत आले. दोघं बसलेलेच. ऊन आता थेट डोक्यावर आलं होतं. आप्पांनी धोतराचा सोगा डोक्यावर घेतला होता. बापूनं टोपीत आंब्याची पानं खोचली होती. शाळा सुटली तशी पोरं गोलात उभी राहिली आणि गुरुजी त्यांना हाकलायला येऊन स्वतःच बघत उभे राहिले.

घरी आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, डबा भरला. दोन भाकरी जास्तीच्या घातल्या.

“आत्ती, बापूकाकांना कशाला? उपाशी राहिले तर लवकर उठतील की.”

“असू दे. दुष्मन झाला म्हणून काय उपाशी ठिवायचा व्हय?” म्हणाल्या. “आणि त्येला पिठल्यात मिरची कमी लागती. वेगळं काढलंय बघ.”

दोघं एकाच ओंडक्यावर पाठीला पाठ लावून जेवले. आप्पांच्या वाटणीचं लोणचं बापूनं मागितलं आणि आप्पांनी न बघताच मागं हात करून दिलं.

दुपार कलली. दस्तगीरची माणसं ट्रॅक्टरच्या सावलीत झोपली. बापूला साखरेचा आजार होता, तो आता सारखी मांडी बदलत होता. आप्पांच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडून तांब्या मागून घेतला आणि पाणी उंचावरून, धार लावून, सावकाश प्यायला सुरुवात केली.

“हलकट हाईस,” बापू म्हणाला.

“तू उठ की. तिकडं कुंपण हाय.”

“मेलो तरी उठणार न्हाई.”

“आरं पण तुला कशाला पायजे हे लाकूड?”

“मला कशालाबी नको,” बापू म्हणाला. “तुला मिळू ने म्हणून बसलोय.”

  आप्पा वळले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी बापूकडं तोंड केलं.

“बापू, हे लाकूड माझ्यासाठी हाय.”

“ते दिसतंयच की.”

“तसं न्हवं. माझ्यासाठी म्हंजे माझ्या सरणासाठी. मी गेलो की.”

बापूचा चेहरा एकदम पडला. “काय सांगतोस? वखारीतलं ऐकून मला चेष्टा वाटली. दाक्तर काय म्हणाला?”

“कुठला दाक्तर?”

“आजार काय निघाला म्हणतो मी?”

“आजार कसला? धडधाकट हाय मी. आगाऊ करून ठिवतोय. दादाचं बघितलंस न्हवं तू, टायर घातले ते. मी मापबी घेतलंय माझं. हातभर सूट धरलीया.”

बापू त्यांच्याकडं बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. तो हसत होता. “माप!” एवढंच तो म्हणाला. “माप घेतलंय म्हणं! काखंत तरी सैल ठिवलंस काय?” आणि हसता हसता पोट धरून पुढं वाकला, अजून वाकला, ओंडक्यावरून घसरला आणि धुळीत पाय पसरून हसत राहिला.

दस्तगीर ताडकन उठून बसला. “उठले! बापूकाका उठले! लाकूड आप्पांचं!”

“आरं उठलो कुठं? पडलो!”

“बूड सुटलं न्हवं? इषय सपला.”

बापू तसाच उठून कुंपणाकडं धावला. परत आला तेव्हा त्यानं सायकल उचलली, तिचं वाकडं झालेलं हँडल दोन्ही गुडघ्यांत धरून सरळ केलं आणि आप्पांना म्हणाला, “फसवून घेतलंस. बघतो मी, कसा जातोस त्याच्यावर.”

पुढं तो ओंडका फोडून त्याचे ढलपे झाले. आप्पांनी ते उन्हाळाभर वाळवले, खोपीत रचले आणि खताच्या पोत्यांची एक भली मोठी गवसणी शिवून वर चढवली. तिला काजं होती, बटणं होती. रोज सकाळी पूजा झाली की ते एक बटण काढून आत हात घालायचे आणि लाकूड कोरडं आहे ना ते बघायचे. मला ते बघून कसंतरीच व्हायचं. आत्तींना काही वाटत नव्हतं. “दुसऱ्याचे सासरे पत्ते खेळत्यात,” म्हणायच्या, “ह्येंचं हे.”

आणि बापू रोज सकाळी आमच्या दारावरून जाताना सायकलवरूनच ओरडायचा, “काय आप्पा? अजून हाईसच?”

“हाय! हाय! तुला पोचवून जाणार!”

“आटप की मर्दा! वाळवी लागंल त्या लाकडाला!”

भरल्या घरात असं बोलतात का, म्हणून मी एकदा आप्पांपाशी कुरकुर केली. ते म्हणाले, “बोलू दे. दुसरं कोण इचारतंय?”

श्रावणात झड लागली. दिवस आणि रात्र यांत फरक राहिला नाही. नदी वखारीत शिरली. स्मशानातल्या शेडचा पत्रा वाऱ्यानं उडून कुणाच्या तरी उसात जाऊन पडला. एका सकाळी बापू दारावरून गेला नाही. आप्पा दोनदा दारात जाऊन आले. “पावसामुळं नसतील आले,” मीच म्हणाले. थोड्या वेळानं त्याचा पुतण्या चिखलातून पळत आला. बापू झोपेतच गेला होता.

आप्पा तसेच अनवाणी त्याच्या घरी गेले. परत आले आणि मशीनपाशी बसून राहिले. बापूचा मुलगा दुपार कलल्यावर कसाबसा पोचला. त्यानंतर आमच्या सोप्यावर माणसं यायला लागली. पहिल्यांदा पुतण्या, मग सरपंच, मग गुरुजी, मग स्वतः वखारवाला. छत्र्या मिटून सगळे ओळीनं बसले आणि पावसाबद्दल बोलायला लागले.

“धरणाचं पाणी सोडलंय म्हणं.”

“व्हय. आत्ताच हायवेबी बंद झाला.”

“वखारीत कमरंइतकं पाणी,” वखारवाला म्हणाला. “एक फाटा कोरडा न्हाई.”

कुणीही खोपीकडं बघत नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं की पंचक्रोशीत कोरडं लाकूड फक्त एकाच ठिकाणी आहे, बटणं लावून. पण जित्या माणसाकडं त्याचं सरण मागायचं कसं? आत्ती दाराआड उभ्या होत्या. मी आप्पांकडं बघत होते. त्यांनी हो म्हणावं असं मला वाटत होतं, आणि त्यांनी हो म्हटलं तर आषाढ-श्रावणात यांचं काय होणार, याचीही भीती वाटत होती.

सरपंच घसा खाकरून म्हणाले, “डिझेलची सोय केलीया. आणि त्येच्याच दुकानात जुने टायर पडल्यात...”

आप्पांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते. “सायकलवाला झाला म्हणून टायरवर घालणार व्हय रं त्येला?”

सरपंच मिटलेली छत्री परत मिटायला लागले.

“शेडवर पत्रा न्हाई ते ठाव हाय काय? का तिथं छत्र्या धरणार?” आप्पांनी विचारलं.

“ताडपत्री बांधलीया, आप्पा,” पुतण्या हळूच म्हणाला.

आप्पा उठले. खोपीत गेले. आम्ही सगळे मागून. त्यांनी गवसणीची बटणं एकेक करून काढली. आधी त्यांनी बाजूला रचलेली बाभूळ दाखवली. “हे न्या.” मग थोडी चिंच काढली. “हेबी न्या.” मग हात आंब्याच्या ढलप्यांवर ठेवून ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, एवढ्यात भागवा.

“त्येची उंची किती?” सरपंचांनी पुतण्याला विचारलं.

“त्येला काय इचारता?” आप्पा खेकसले. “माझ्यापरास चार बोटं जास्त हाय. जन्मभर शिवलंय मी त्येला. हे सगळं लागंल.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “लुना काढ.”

स्मशानाच्या वाटेवरच्या ओढ्याच्या लाकडी साकवावरून गाडी-ट्रॅक्टर जाणं शक्यच नव्हतं. लुना तेवढी जायची, आणि नवरा नोकरीनं बाहेरगावी असल्यानं ती आमच्या घरात फक्त मला यायची. बाई स्मशानात कशी नेणार, असं कुणीतरी पुटपुटलं. “ती फाटकाभाईर थांबंल,” आप्पा म्हणाले, “आणि तुला लुना येत असली तर तू चालीव.” 

किती खेपा केल्या ते आठवत नाही. मागं आप्पा बसायचे, मांडीवर ढलप्यांचा भारा, भाऱ्यावर गवसणीचा तुकडा आणि त्यावर त्यांचा स्वतःचा रेनकोट. ते नखशिखांत भिजले होते. दाढेवर दाढ आपटत होती. प्रत्येक खड्ड्याला ते भाऱ्यावर आडवे व्हायचे आणि मला ओरडायचे, “हळू! भिजंल ते!”

शेवटची खेप टाकून मी फाटकापाशी उभी राहिले. तिथून सगळं दिसत होतं. आप्पा कुणाला हात लावू देत नव्हते. खाली बाभूळ, मग चिंच, वर आंबा. मधेच थांबून लांबून बघायचे, एखादा ढलपा काढून दुसरीकडं लावायचे. बापूला ठेवल्यावर ते खाली वाकून काही तरी जुळवत होते, बराच वेळ. नंतर पुतण्यानं मला सांगितलं की आप्पा बापूच्या खांद्याशी लाकूड थोडं सरकवत होते आणि म्हणत होते, “आता घट्ट झालं म्हणून बोलू नगंस.”

मुलानं अग्नी दिला. एका काडीत पेटलं. त्या पावसात, ताडपत्रीखाली, लाकूड असं लख्ख पेटलं की लोक दोन पावलं मागं सरले. धूर असा नव्हताच. माणसं एकमेकांकडं बघत होती. आप्पा हात पाठीमागं बांधून उभे होते. मग एकदम, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते म्हणाले, “नेलं शेवटी लेकाच्यानं. उठला व्हता तरी नेलं.” आणि तिथं, गुरुजी आणि सरपंचांच्या देखत, लहान पोरासारखे रडायला लागले.

त्या भिजण्यानं आप्पा अंथरुणाला खिळले. ताप महिनाभर पुरला, पण उठले. खोप रिकामी होती. तिथं आत्तींनी कोंबड्या ठेवल्या. आप्पांनी हरकत घेतली नाही.

दिवाळी झाली. एके दिवशी मी अंगणात लुना पुसत असताना दस्तगीर दारात आला. ट्रॅक्टर चालू ठेवूनच आला होता.

“आप्पा, देवळामागचा आंबा आडवा केलाय. मोठा ओंडका राहिलाय. एक नंबर. मुद्दाम तुमच्यासाठी ठिवलाय. चला बसायला.”

मी लुना पुसायची थांबले. आप्पा सोप्यावर कुणाच्या तरी झंपराला काजं करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“न्हाई येत. दुसऱ्या कुणाला दे.”

“असं कसं? आख्खा तुमचा हाय. आता आडवं कोण येणार न्हाई तुमच्या.”

आप्पांनी दोरा दातानं तोडला. सुई झंपराला टोचून ठेवली.

“मग एकट्यानं बसून काय करू रं मी त्याच्यावर?” ते म्हणाले.